देवाजीवानी

सकाळचे पावणेसात. पांढरबोडीच्या एसटी थांब्यासमोर धनराजच्या चहाटपरीवर पाच-सहा माणसं बसली होती. देवाजी सायकल हातात धरून चालत आला, बाकासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या घरची मोहाच्या झाडाखाली बसून आहे. तिच्यासमोर वाघ बसून आहे. चार जण चला."

धनराजनं गाळणी पातेल्यावर आपटली. "वाघाले साखर किती टाकू, देवाजीभाऊ?"

टपरी हसली. देवाजीनं हसणं संपू दिलं आणि तेच पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. दुसऱ्यांदा माणसं जास्त हसली. एकानं मांडीवर थाप मारली. मग देवाजीनं सायकल वळवली आणि तो घराकडे निघाला.

घरी त्याची सून उर्वशी अंगणात सडा टाकत होती. तिचा नवरा सुनिल नागभीडला रेल्वेच्या कामावर होता. तो शनिवारी यायचा, एरवी घरात सासू, सासरा आणि ती. सासरा एकटाच परत आलेला पाहून तिनं विचारलं, "टोपली कुठी आहे, मामाजी? आत्याबाई?"

"तुही सासू मोहाखाली बसून आहे," देवाजी म्हणाला. "समोर वाघ आहे. मी चौकात सांगून आलो. कोणी उठलं नाई."

उर्वशीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावरून काही कळत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी पाहिलं. भुवई जागेवर, ओठ जागेवर. काल रात्री "भातात मीठ कमी आहे" म्हणताना जसं होतं तसंच.

पांढरबोडीत एक शब्द आहे, तो पाच कोसांवरच्या गावालाही समजत नाही. देवाजीवानी. वानी म्हणजे सारखं, एवढं इकडे सगळ्यांना कळतं, पण देवाजीसारखं म्हणजे कसं, ते या गावातच राहून शिकावं लागतं. चेहऱ्यावर रेघ उमटू न देता थाप मारली, की ती देवाजीवानी मारली. नातू आजीला "शाळेला सुट्टी आहे" म्हणाला, की आजी विचारते, "खरंच, का देवाजीवानी सांगून राह्यला?" लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांनी जमिनीचा आकडा सांगितला, की घरचा म्हातारा हळूच म्हणतो, देवाजीवानी तर नाही ना.

उर्वशी चामोर्शीची. लग्न होऊन आली तेव्हा हा शब्द तिला माहीत नव्हता. दुसऱ्याच दिवशी सकाळी सासऱ्यानं तिला सांगितलं, "आमच्या गावात नवी सून आली का बोअरिंगची पूजा करते. नाई केली तर पाणी गढूळ येते." तिनं हळद-कुंकू घेतलं, नारळ घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि हातपंपाला पाच प्रदक्षिणा घातल्या. पाण्याला आलेल्या बायका भांडी सोडून पाहत राहिल्या. संध्याकाळपर्यंत गाव हसून थकलं. देवाजीनं प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि म्हणाला, "पाणी आज खरंच साफ आलं."

त्या दिवसापासून ती शहाणी झाली. सासरा काहीही बोलला, तरी ती आधी सासूकडे पाहायची. सासूनं मान हलवली तर खरं, पदर तोंडाला लावला तर थाप. आता सासू इथं नव्हती.

आणि गेल्याच महिन्यात देवाजीनं गावचे पोलीस पाटील गुणवंतराव यांना सांगितलं होतं की, मंगळवारी कलेक्टर येऊन राह्यले, सिंदेवाहीला कोणीतरी बोलत होतं. गुणवंतरावांनी चौक झाडून घेतला, शाळेच्या भिंतीला चुना मारून घेतला आणि कडक इस्त्रीचे कपडे घालून दुपारपर्यंत थांब्यावर उभे राहिले. एसटीतून एक कोंबड्यांचा खुराडा उतरला. तेव्हापासून गुणवंतराव देवाजीशी बोलत नव्हते.

"मामाजी," उर्वशी म्हणाली, "मले खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो." त्यानं सायकल भिंतीला टेकवली. "आपला मोह शेताच्या धुऱ्यावर, कडेलेच आहे म्हून ती एकटी गेली. जंगलात तर ती गेलीच नाई. मी मागून सायकल घेऊन गेलो. धानाच्या बांधीच्या या टोकावरून पाहतो, तर ती फुलं वेचता वेचता बसलेली. तिच्यापुढं, इथून त्या गोठ्याएवढ्या अंतरावर, रायमुनियाच्या झुडपाले लागून तो बसून. पुढचे पाय पसरून. तिच्याकडंच पाहून राह्यला. तिनं मले पाह्यलं. हात खाली केला, असा. थांब म्हणे."

"तुम्ही वरडले नाई?"

"नाई."

"काऊन?"

"वरडलो असतो तर ती दचकून उठली असती. उठून पळाली असती. पळणाऱ्याच्या मागं तो जाते. एकटा माणूस पुढं गेला तरी तो बिथरते. चार-पाच जण उभे, एकमेकाले लागून, हळू गेले, का तो उठून जाते. बहुतेक जाते. म्हून चौकात गेलो."

उर्वशीचा हात सड्याच्या बादलीवर तसाच राहिला होता. "मग चौकात नीट सांगायचं होतं ना. रडून सांगायचं. हातपाय जोडून."

"मले तसं येत नाई, बाई," देवाजी म्हणाला. हे वाक्यही त्यानं भाताला मीठ कमी म्हटल्यासारखंच म्हटलं. "दुसऱ्यांदा सांगताना मी करून पाह्यलं. तोंड हाललंच नाई. आता तू सांग."

मग, जसं काही आठवलं म्हणून, तो म्हणाला, "तिले सकाळचा खोकला आहे."

हे उर्वशीला सांगावं लागत नव्हतं. सूर्य वर आला, की सासूला, रुखमाबाईला, खोकल्याची उबळ यायची. एकदा आली, की ती दुमडून जायची, हात जमिनीला टेकवायची, आणि पाठीवर कोणी चोळेपर्यंत थांबायची नाही. रोज अंगणात ऊन तुळशीपर्यंत आलं, की उर्वशी चुलीवरून अडुळशाचा काढा उतरवायची. आज ऊन अजून गोठ्याच्या कौलांवर होतं; ते खाली उतरलं, की ती वाघासमोरच खोकत दुमडून पडणार होती.

तिच्या डोक्यात आधी आला तो हिशोब साधा होता. हे खोटं निघालं, तर गाव हसेल. हातपंपाच्या वेळी हसलं होतं, त्यानं ती मेली नव्हती. खरं निघालं आणि आपण इथं बादली धरून उभ्या राहिलो, तर. त्या 'तर'च्या पुढं ती गेली नाही.

ती फाटकाकडे वळली आणि तिनं तोंड उघडलं. उर्वशीचा आवाज गावात प्रसिद्ध होता. बाजाराच्या दिवशी ती घरातून हाक मारायची, ती थांब्यावर ऐकू यायची. धनराज तिला चामोर्शीचा भोंगा म्हणायचा.

"वरडू नको," देवाजी मागून म्हणाला.

ती थांबली.

"तू वरडलीस तर पटन त्यायले. मग सारं गाव निघन. थाळ्या घेऊन, डबे घेऊन. मागच्या साली नाल्यापल्याड काय झालं, माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. सगळ्या भागाला माहीत होतं. नाल्यापलीकडच्या गावात धानाच्या बांधीत वाघ दिसला, तेव्हा शंभरेक माणसं डबे वाजवत गेली. चारी बाजूंनी गलका झाला. वाघाला पळायला वाट उरली नाही, म्हणून तो गर्दीतूनच आरपार गेला. जाता जाता एका माणसाचा खांदा घेऊन गेला.

म्हणजे ओरडायचं नाही, आणि पटवून द्यायचं. फाटकापासून टपरीपर्यंतचं अंतर ती चालली, तेव्हा तिला सासूचं बोलणं आठवत होतं.

मागच्या उन्हाळ्यात दोघी वाळलेली मोहफुलं निवडत बसल्या होत्या. उर्वशी हसत म्हणाली होती, "आत्याबाई, मामाजीच्या थापा पाहूनच हा शब्द निघाला असन ना?" रुखमाबाईचा हात थांबला होता.

"सारे तसंच समजतात," ती म्हणाली होती. "शब्द थापेवरून नाई निघाला. तेव्हा हे गावचे ढोरकी होते. सारे ढोरं यायच्याच हवाली. मी नवीनच होती. आम्ही बाया सरपण घेऊन येत होतो, गाणं म्हणत. मागून ढोरं, ढोरायच्या मागं हे. नाल्यापाशी हे पुढं आले अन् म्हणाले, बाया हो, गाणं थांबवू नका. ढोरायच्या मधात चाला. मग एकेकीले विचाराले लागले, आज भाजी काय करता? जिराबाई म्हणे आंबाडी. मी म्हटलं वांगे. हे म्हणत, वांग्यात काय टाकते? असं विचारत विचारत गावापर्यंत आणलं. वेशीवर आलो अन् हे धुळीत बसले. भडभडा ओकले. मग सांगितलं, नाल्यापासून वाघ बाजूनं चालून राह्यला होता, झाडीतून."

उर्वशी फुलं निवडायची विसरली होती.

"त्यायच्या बापानं शिकवलं होतं. वाघ दिसला तर ढोरक्यानं वरडायचं नसते. ढोरं फुटतात, माणसं फुटतात, अन् जो मागं राह्यला तो त्याचा. तंबाखू मागितल्यासारखं सांगायचं. भेव पोटात, तोंडावर नाई. त्या दिवशी गाव म्हणे, भेव लपवावं तर देवाजीवानी. हा शब्द तेव्हा निघाला. मोठ्या मानाचा होता." रुखमाबाईनं एक सडकं फूल बाजूला फेकलं होतं. "मग यायले समजलं, का आपलं तोंड आपलं ऐकते. त्याच तोंडानं थापा सुरू झाल्या. वाघानं शिकवलं अन् गावानं नासवलं."

टपरी आली. धनराजनं तिला पाहिलं आणि पातेल्याखालचा स्टोव्ह बारीक केला. "आला भोंगा. आता वाघाची बायको पण आली म्हणन."

बाकावर गुणवंतराव पेपर धरून बसले होते. त्यांच्या शेजारी इतवारी होता. तो पलीकडच्या वनगावचा, दर उन्हाळ्यात वणवा विझवायच्या कामाला वनखात्याकडे जायचा. काठी गुडघ्यात धरून तो बिडी ओढत होता.

उर्वशी बाकासमोर उभी राहिली. सासरा जिथं उभा राहिला होता, तिथंच. भेव पोटात होतं. ते तिनं तिथंच ठेवलं.

"माही सासू आमच्या मोहाखाली बसून आहे," ती म्हणाली. "समोर वाघ आहे. चार-पाच जण पाह्यजेत. आवाज करायचा नाई."

तिचा स्वर धनराजच्या हातातल्या कपावरून सरळ निघून गेला, हलला नाही, वर चढला नाही. ज्या बाईला कोणी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं, ती दळण टाकायला आल्यासारखी बोलत होती.

कोणी हसलं नाही. इतवारीनं बिडी बाकाच्या पायाला घासून विझवली.

गुणवंतरावांनी पेपर खाली केला. "हे तुह्या सासऱ्याचंच आहे ना?"

"हो. त्यायनंच पाह्यलं."

"मग? मंगळवारी कलेक्टर, बुधवारी वाघ. शुक्रवारी काय आणते तो? हत्ती?"

"गुणवंतभाऊ," उर्वशी म्हणाली, "खोटं निघालं तर मले अन् मामाजीले चौकात बसवा, अन् साऱ्या गावानं येऊन हसा. सुनिललेही बोलवा नागभीडहून. मी स्वतः चहा पाजन हसणाऱ्यायले. पण आता उठा. तिले खोकला आहे."

शेवटचं वाक्य कोणाला कळलं, कोणाला नाही, पण रुखमाबाईचा खोकला सगळ्या गल्लीनं ऐकलेला होता. गुणवंतराव उभे राहिले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बीटची वनरक्षक ज्योत्स्ना हिला लावला. बोलताना ते थोडे दूर गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"मॅडम म्हणतात, गाडी निघून राह्यली. रेल्वे फाटक लागलं नाई तर लवकर येते. तोवर कोणी जाऊ नका म्हणतात. गर्दी करू नका."

"बराबर म्हणतात," इतवारी म्हणाला. "गर्दी नाईच करायची." आणि तो काठी घेऊन उठला.

"अरे, पण त्यायनं जाऊच नका म्हटलं."

"पाटील, गाडी येईपर्यंत उन्हं कुठी येतीन?"

गुणवंतरावांनी आभाळाकडे पाहिलं. मोहाखालची सावली सकाळी लांब असते आणि ऊन चढलं, की झाडाखालीच गोळा होते, हे त्यांना सांगायला नको होतं. ते स्वतः शेतकरी होते. त्यांनी पुन्हा फोन कानाला लावला, पण पलीकडून कोणी उचलला नाही. मॅडम गाडीत बसून निघाल्या असाव्यात.

"माही जबाबदारी आहे हे," ते कोणाला तरी म्हणाले. मग म्हणाले, "चला."

उर्वशीनं त्यांच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "त्याचा आवाज बंद करा, भाऊ." त्यांनी केला.

धनराजनं स्टोव्ह विझवला आणि फडक्याला हात पुसत बाहेर आला. "माही पण काठी आहे," तो म्हणाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बाकावरच्या दोघांना इतवारीनं हातानंच बसवलं आणि सांगितलं, की गावातल्या कोणालाही शेताकडे येऊ देऊ नका, विचारलं तर काहीही सांगा.

"काय सांगू?"

"काहीही. देवाजीवानी सांगा."

देवाजी गल्लीच्या तोंडाशी उभा होता, हातात काठी, पायात चप्पल नाही. तो पुढं चालू लागला. पाच जण झाले. देवाजी, इतवारी, गुणवंतराव, धनराज आणि उर्वशी. इतवारीनं तिला परत जायला सांगितलं. ती गेली नाही, तेव्हा त्यानं तिला मधे घेतलं.

गावाबाहेर बोडीची, लहान तळ्याची, पाळ लागते. बोडीत पाणी तळाला गेलं होतं. पाळीवरून उतरलं, की धानाच्या बांध्या, रिकाम्या, भेगाळलेल्या, आणि त्यांच्या कडेनं पळसाची झुडपं. त्या बांध्यांच्या पलीकडच्या टोकाला देवाजीचा मोह. मोहाच्या मागं रायमुनियाची जाळी आणि जाळीच्या मागं जंगल. उर्वशी या वाटेनं रोज जायची. आज तिला वाटेवरचं प्रत्येक वाळलेलं पान वेगळं ऐकू येत होतं.

पाळ उतरून झाल्यावर देवाजी बांधावर थांबला. त्यानं काठी बाजूला ठेवली, खाली वाकला आणि ओकला. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि काठी उचलली. तोंड होतं तसंच होतं.

धनराजचा चेहरा राखेसारखा झाला. "देवाजीभाऊ," तो पुटपुटला, "मघा मी—"

"चाल," देवाजी म्हणाला. "लागून चाल."

ते खांद्याला खांदा लावून निघाले. इतवारीनं सांगितलं तसं, काठ्या जमिनीला न लावता उभ्या धरून. थोडं अंतर गेल्यावर उर्वशीला जाणवलं, की गुणवंतरावांचा श्वास वाजतोय आणि धनराजची पावलं पुढंमागं होताहेत. माणसं फुटायला लागली होती. पळत कोणी नव्हतं, पण फुटायला लागली होती.

"धनराज," देवाजी म्हणाला, "आज भाजी काय?"

धनराजनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"भाजी रे. घरी काय करून राह्यले?"

"वांगे," धनराज म्हणाला. आवाज घोगरा निघाला.

"वांग्यात काय टाकते तुही बायको?"

"शेंगदाणे."

"शेंगदाण्यानं वांगं गोड होते. वाल टाकत जा. पाटील, तुमच्या घरी?"

गेल्या महिन्यापासून गुणवंतराव या माणसाशी बोलले नव्हते. "आमच्याइथं... काल कढी होती. उरली आहे."

"कढी दुसऱ्या दिवशी चांगली लागते. इतवारी?"

"मोहाची भाकर," इतवारी म्हणाला, समोरची नजर न हलवता. "अन् चटणी."

पावलं परत एका तालावर आली. उर्वशीच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. सासूनं सांगितलेली ती जुनी संध्याकाळ सकाळ होऊन आली होती आणि उर्वशी तिच्यातून चालत होती. आता आपली पाळी येणार, हे तिला कळलं. ती आली.

"सूनबाई, तू काय करते आज?"

"आत्याबाई येऊन सांगतीन ते," उर्वशी म्हणाली.



शेवटच्या बांधीच्या अलीकडे मोह पूर्ण दिसला. खाली पिवळट फुलांचा सडा पडला होता. टोपली सरळ ठेवलेली, अर्धी भरलेली. टोपलीच्या बाजूला रुखमाबाई उकिडवी बसली होती, त्यांच्याकडे तोंड करून. पदराचा बोळा तिनं तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दर थोड्या वेळानं तिचे खांदे हलत होते, आतल्या आत. मोहाची सावली आखडत आली होती आणि ऊन तिच्या पावलांवर आलं होतं.

रायमुनियाच्या जाळीपाशी काही नव्हतं. दाबलेलं गवत होतं. वाघ नव्हता.

धनराजनं जोरात श्वास सोडला. "गेला," तो म्हणाला. "गेला ना, इतवारीभाऊ?"

इतवारी दाबलेल्या गवताकडे पाहत होता, आणि तिथून गवत कुठल्या बाजूला वाकलंय ते शोधत होता.

"रुखमा," देवाजी म्हणाला. त्याच्या तोंडून सासूचं नाव उर्वशीनं आजवर ऐकलं नव्हतं. सुनिलची माय म्हणायचा तो, नाहीतर नुसतं अगं. "रुखमा, आज भाजी काय?"

रुखमाबाईनं हळूच तोंडातला पदर काढला. तिचा चेहरा त्यांच्याकडेच होता, पण नजर त्यांच्यावर नव्हती. ती त्यांच्या खांद्यांच्या मधून, त्यांच्या मागं कुठंतरी होती.

"मागं पाहू नका," ती म्हणाली. आवाज सपाट होता, शेजारणीला विरजण मागावं तसा. "तुम्ही पाळीवरून उतरले तेव्हा तो उठला. फेर घेऊन गेला. तुमच्या मागं, पळसाखाली उभा आहे."

कोणी हसलं नाही. कोणी मागं पाहिलं नाही. पाच जणांचे खांदे एकमेकांना घट्ट लागले आणि तसेच राहिले. गुणवंतरावांच्या खिशातला फोन थरथरू लागला. गाडी कुठपर्यंत आली, फाटक लागलं की नाही, हे त्यातून कळलं असतं. त्यांनी हात खिशाकडे नेला नाही. फोन थरथरला आणि थांबला.

"बरं," देवाजी म्हणाला. "पण भाजी काय, ते नाई सांगितलं तू."

रुखमाबाईनं सांगायला तोंड उघडलं, आणि तिला खोकला आला.